जुन्या मर्सिडीजच्या एक्झॉस्टचा आवाज बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं नेमकं कोणत्या गाडीबद्दल आहे?

मुख्यतः मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ बद्दल. जर्मनीत १९८४ च्या शेवटी आलेली ही गाडी. १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, तेव्हा बाहेर पडलेली पहिली गाडी हीच. ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल. त्याच वर्षी युरोपात तिची पुढची पिढी, डब्ल्यू २१०, आली होती. तिकडची उतरती गाडी इकडे नवी म्हणून विकली, अशी तेव्हा कुरकुर झाली. आज मागे वळून बघताना वाटतं, झालं ते बरंच झालं.

माझ्याकडे १९९६ ची ई २२० आहे. त्यामुळे जे हाताखालून गेलंय ते या गाडीचं. जॅग्वार, रोल्स किंवा जुनी एस क्लास असेल तर बरंचसं लागू पडेल. वेगळं आहे तिथे सांगितलंय.

मूळ आवाज कसा असतो? मला तर काहीच ऐकू येत नाही.

बरोबर आहे, तो ऐकू येऊ नये यासाठीच इंजिनिअरांनी डोकं खपवलं होतं. गाड्यांच्या बाहेरच्या आवाजावर युरोपात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ७७ डेसिबलची मर्यादा आली, ती नव्वदच्या मध्यावर ७४ झाली. मर्सिडीजचं गिऱ्हाईक तर त्याहून कडक.

तरी आवाज आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि मागे जाऊन डिकीशी उभे राहा. पहिलं मिनिट-दीड मिनिट एक भरलेला, जरा घोगरा आवाज येतो, आयडलिंग थोडं वर असतं म्हणून. मग सुई खाली येते आणि आवाज जमिनीत मुरतो. टेलपाइपसमोर वीतभर अंतरावर तळहात धरला तर ओलसर ठोके हाताला लागतात, कानाला फक्त फुसफुस. हा तुमचा आधारस्वर. कुठलाही बदल करण्याआधी तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा: थंड, गरम, आयडलिंगला, आणि २,००० व ३,००० आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना), एकदा बाहेरून आणि एकदा काचा बंद करून आतून. नंतर भांडायला पुरावा लागतो. गॅरेजवाल्याशीही आणि स्वतःशीही.

चार सिलिंडरच्या गाडीला आठ सिलिंडरचा आवाज देता येईल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

सायलेन्सर आवाज तयार करत नाही. तो तयार होतो इंजिनात, आणि सायलेन्सर त्यातला काही भाग गिळतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडरला एका फेरीत दोन ठोके. ३,००० आरपीएमला सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणून १०० ठोके, म्हणजे १०० हर्ट्झचा मूळ सूर. त्याच वेगाला सहा सिलिंडरचा सूर १५० हर्ट्झ आणि आठचा २०० हर्ट्झ. पेटीवर जशी पट्टी ठरलेली असते, तसंच हे. भाता कितीही जोरात हलवला तरी काळी दोनची काळी पाच होत नाही.

शिवाय नुसत्या पट्टीचा प्रश्न नाही. ज्या व्ही ८ च्या, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या, गुरगुरण्यावर लोक जीव टाकतात, तिची गंमत असमान ठोक्यांत आहे. दोन्ही बाजूंचे मिळून ठोके अगदी समान अंतराने पडतात, पण एकाच बाजूचे चार सिलिंडर ऐकले तर त्यांच्यातलं अंतर ९०, १८०, २७०, १८० अंश असं लंगडं पडतं. त्या लंगडण्याचा तो आवाज. चार सिलिंडरचं इंजिन दर १८० अंशांनी बिनचूक ठोका देतं, त्याला लंगडायला लावणार कसं?

मग काय बदलता येतं? त्या सुरावर चढणारे वरचे स्वर किती ठेवायचे, किती मारायचे, आणि एकूण आवाज किती मोठा ठेवायचा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो. पातळ, फाटका आवाज गोल होतो, किंवा मेलेला आवाज जरासा जागा होतो. ई २२० च्या २,१९९ सीसी आणि १५० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून एवढंच मागा. ते देतं.

गाडी आधीच मोठा आवाज करतेय. सायलेन्सर बदलला की झालं ना?

थांबा. माझ्याकडे “आवाज बदलायचाय” म्हणून जे येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना बदल नको असतो, दुरुस्ती हवी असते. तीस वर्षांच्या गाडीखाली काय काय सुटलेलं असतं, ते आधी बघायला हवं.

थंड इंजिनाला बोनेटखालून टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांनी जातो? मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं, पॅकिंग गेलंय किंवा एखादा स्टड तुटलाय. लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून आवाज जातो. टॅपेटचा (इंजिनातल्या झडपांचा) आवाज समजून लोक तेल बदलत बसतात.

ठराविक आरपीएमला झणझण, जणू कुणी स्टीलचं ताट हलवतंय? एक्झॉस्टच्या वर उष्णता अडवायला जो पातळ पत्रा असतो, त्याचा स्क्रू गंजून भोक मोठं झालंय. एक मोठा वॉशर टाका. तेवढंच.

स्पीड ब्रेकरवर किंवा रिव्हर्स घेताना ‘धप्’? मागचा सायलेन्सर रबरी रिंगांवर लोंबकळत असतो. त्या रिंगा कडक होतात, चिरतात. हाताने ताणून बघा. चिरा दिसल्या तर सगळ्या एकदम बदला, एक-दोन बदलून वजन उरलेल्यांवर टाकू नका. गिअरबॉक्सच्या मागे पाइप धरून ठेवणारा ब्रॅकेटही बघा. तो तुटला की सगळा भार पुढच्या फ्लँजवर, म्हणजे पाइपांच्या बोल्टच्या सांध्यावर, येतो आणि तिथे गळती सुरू होते.

गळती शोधायची जुनी रीत अजूनही उत्तम. इंजिन थंड असताना सुरू करा, हातमोजा घालून जाड ओल्या फडक्याने टेलपाइप क्षणभर दाबून धरा. तब्येत ठीक असेल तर फडकं हात ढकलू लागतं. कुठे गळत असेल तर तिथून फुस्स ऐकू येतं. सांध्यांवर काजळीचे काळे ओघळ दिसले तर शोधायचीही गरज नाही. कामाला हलगर्जीपणा नको, कारण गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, आणि जुन्या गाडीच्या फ्लोअरमधले रबरी बूच कधीच पडून गेलेले असतात. एसी लावून मुलं मागे झोपलेली आणि खालून पाइप फुटलेला, हे चालणार नाही.

आणि एक. कधीकधी एक्झॉस्ट निर्दोष असतो. इंजिनाचे माउंट बसले की आयडलिंगला सगळी गाडी घुमते. या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) दोन्ही टोकांना रबरी डिस्क असतात, त्या फाटल्या तरी वेगात घरघर येते. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, त्याच आरपीएमला आवाज येतो का बघा. येत नसेल तर सायलेन्सरवाल्याकडे जाऊ नका.

सायलेन्सर इतक्या लवकर का सडतात?

पाण्याने, आणि तेही आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. घरापासून मंडईपर्यंत आणि परत, एवढंच फिरवलं तर ते मागच्या सायलेन्सरमध्ये साचून राहतं. आठवड्यातून एकदा गाडीला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या.

मधला सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला तर?

मी टाकला होता, म्हणून सांगतो.

शहराबाहेरच्या एका गॅरेजात मिस्त्री म्हणाला, “साहेब, बीचवाला डबा काढतो, पाइप देतो, गाडी मोकळी श्वास घेईल.” मलाही मोकळा श्वास हवा होता. दोन तासांत काम. गॅरेजच्या अंगणात आवाज सुंदर लागला. खोल, मऊ, वर चढताना किंचित खर्जातली धार. पैसे दिले आणि स्वतःवर खूश होत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मुंबईला निघालो. एक्सप्रेसवेवर पाचव्या गिअरमध्ये शंभराच्या आसपास गेलो आणि गाडीत कुणीतरी तंबोरा लावला. एकच सूर, कानात नाही तर कवटीत. वेग दहाने कमी केला की गायब, वाढवला की थोडा कमी, आणि शंभरावर परत हजर. उर्से टोलनाक्यापर्यंत आई काही बोलली नाही. तिथे गाडी थांबली तेव्हा म्हणाली, “अरे, गाडी दमलीय का?” लोणावळ्यात चहाला उतरलो तेव्हा माझं डोकं उठलेलं होतं. गाडीची तब्येत एकदम ठणठणीत होती.

मधला डबा आवाज कमी करतोच, पण त्याचं खरं काम काही ठराविक सूर खाण्याचं असतं. तो कापला की ते सूर थेट मागे येतात, आणि बंद गाडीच्या आतली हवा त्यातल्या एखाद्याला साथ देते. गॅरेजात उभ्या गाडीवर हे कळत नाही. म्हणून माझा नियम: कुठलाही बदल टेस्ट राइडशिवाय पास करायचा नाही, आणि ती राइड हायवेवर, चारही काचा वर, मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं. ड्रायव्हरला हा आवाज कमी लागतो, भोग मागच्यांच्या नशिबी.

हे घुमणं आता मारता येईल का? परत सगळं उघडायचं नाही.

येतं. मूळ डबा परत बसवणं हा सोपा मार्ग. मी तोच केला. पण डबा भंगारात गेला असेल तर बाजूला एक बंद नळी जोडतात. मुख्य पाइपाला एक फाटा काढायचा, त्याचं टोक बंद करायचं. त्यात शिरलेली लाट टोकाला आपटून परत येते आणि बरोबर उलटी पडून मुख्य लाटेला खोडून काढते. लांबी नेमकी असली पाहिजे: नको असलेल्या सुराच्या तरंगलांबीचा चौथा भाग.

माझ्या गाडीचं गणित करू. घुमणं २,७०० आरपीएमला. चार सिलिंडर, म्हणून सेकंदाला ९० ठोके. पाइपातला वायू तापलेला, साधारण ३०० अंशांवर त्यात आवाजाचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या घरात. ४८० ला ९० ने भागून परत ४ ने भागलं की सव्वा मीटरच्या थोडं वर, साधारण १३३ सेंटिमीटर. ही नळी वाकवून पाइपालाच समांतर नेता येते. वायू किती तापतो त्यावर लांबी मागेपुढे होते, त्यामुळे टोक आधी क्लॅम्पने लावा, राइड घ्या, मग वेल्ड करा.

डिकीत जाड डॅम्पिंग शीट चिकटवून हे जात नाही. पत्र्याची थरथर जाते, खर्ज राहतो.

“बॅकप्रेशर पाहिजे, नाहीतर पिकअप जाईल” हे खरं का?

अर्धवट खरं. इंजिनाला अडथळा कधीच आवडत नाही. त्याला आवडतो वेग. पाइप योग्य जाडीचा असेल तर वायू जोरात धावतो आणि त्याच्यामागे तयार झालेली पोकळी पुढच्या ठोक्याचा धूर ओढून घेते. पाइप फार मोठा केला की वायू संथ होतो, ओढ जाते आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. लोक म्हणतात, बॅकप्रेशर गेलं. गेलेली असते ओढ.

म्हणून पाइप बदलायचाच असेल तर व्हर्नियर लावून मूळ पाइपाचा व्यास मोजा आणि तोच ठेवा. ताकद वाढेल या आशेने हे काम करू नका. ई २२० मध्ये नुसत्या सायलेन्सरने हाताला जाणवेल असा फरक पडत नाही.

माझ्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे का? काढला तर आवाज सुधारेल?

खाली वाकून बघा, कागदावर विसंबू नका. कन्व्हर्टर म्हणजे एक्झॉस्टमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथेच अनलेडेड पेट्रोल मिळू लागलं. देशभर शिसं नसलेलं पेट्रोल यायला २००० साल उजाडलं. या मधल्या काळात महानगरातली गाडी गावाकडे गेली, शिशाचं पेट्रोल प्यायली आणि कन्व्हर्टर कायमचा निकामी झाला, असं पुष्कळ झालं. मग कुणीतरी तो आतून फोडून रिकामा केला. बाहेरून डबा शाबूत, आत पोकळ. रबरी हातोडीने हलके ठोका: पोकळ असेल तर डब्यासारखा वाजतो, तुकडे पडले असतील तर खुळखुळतो.

असलेला चांगला कन्व्हर्टर काढू नका. तो आवाजाचे वरचे कर्कश स्वरही मारतो. काढला की आवाज मोठा होण्याआधी पत्र्यासारखा होतो. पीयूसीला अडकाल ते वेगळंच, आणि मागे उभ्या असलेल्याच्या डोळ्यांना झोंबेल ते आणखी वेगळं.

गॅरेजवाल्याला नेमकं काय सांगायचं?

“थोडा आवाज पाहिजे” हे वाक्य कधीही वापरू नका. सायलेन्सरच्या दुकानात त्याचा अर्थ बुलेट असा होतो.

सांगायचं ते असं. मधला डबा तसाच ठेवायचा. काम फक्त मागच्या सायलेन्सरवर. आत कप्प्यांचा, आवाज आपटून मारणारा डबा आहे की जाळीच्या पाइपाभोवती लोकर भरलेला, ते विचारा. कप्प्यांचा डबा खालचे सूर चांगले मारतो, लोकरीचा वरचे. लोकर भरलेला छोटा डबा लावला की खर्ज मोकळा होतो आणि कर्कशपणा राहत नाही. बहुतेकांना हवा असतो तो आवाज हाच. मात्र लोकर काही वर्षांत जळून, उडून जाते आणि डबा हळूहळू मोठा बोलू लागतो. साध्या काचेच्या लोकरीऐवजी आत स्टीलच्या लोकरीचा थर असेल तर जास्त टिकतं.

डबा कापायचा नाही, सांध्यावर सोडवायचा. गंजलेला सांधा निघत नाही म्हणून ग्राइंडर उचलायची घाई होते, तेव्हा तिथे उभे राहा. आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवलं आणि सकाळी गॅसने तापवलं की बहुतेक सुटतो.

वाकवलेला पाइप बघून घ्या. साध्या बेंडरवर वाकवताना आतल्या बाजूला घड्या पडतात आणि पाइप चपटा होतो. जुने कारागीर पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही टोकं बंद करून, तापवून वाकवायचे, ते अजूनही काही ठिकाणी करतात आणि बेंड गोल येतो. आतून बोट फिरवा. घडी लागली तर परत द्या.

सगळं आधी टाके मारून, म्हणजे टॅक करून बसवायचं, गाडी जमिनीवर उतरवायची, मागे चार माणसं बसवायची आणि पाइप कुठे टेकतो का बघायचं. मगच पूर्ण वेल्डिंग, शक्यतो आर्गॉन वायूचं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची. फ्लोअरखालून पेट्रोलच्या नळ्या जातात, हे मिस्त्रीला माहीत असतं, त्याच्या नव्या पोऱ्याला नसतं.

रिंगांमध्ये थोडी मोकळीक हवी. तीन मीटर लोखंडी पाइप ३०० अंश तापला की जवळपास एक सेंटिमीटर लांब होतो, ३०४ जातीच्या स्टेनलेसचा असेल तर दीड. थंड असताना बंपरच्या अगदी कडेला बसवलेली टिप गरम झाल्यावर प्लास्टिक वितळवते. मी एक बंपर असा बघितलाय, जुन्या गाडीवाल्यांच्या रविवारच्या भेटीत आणलेला, नवा रंग दिलेला.

स्टेनलेस घ्यावा की साधा?

गाडी ठेवायची असेल तर स्टेनलेस, पण त्याचा आवाज साध्या पत्र्यापेक्षा किंचित टणक, धातूसारखा लागतो, विशेषतः पत्रा पातळ असेल तर. मर्सिडीजच्या मूळ घडणीचा ॲल्युमिनिअमचा थर दिलेला साधा सायलेन्सर मिळाला, तर डोळे झाकून तो घ्या.

मागे फक्त मोठी चकचकीत टिप लावली तर आवाज बदलतो?

नाही. नजर बदलते.

स्पीकरमधून इंजिनाचा आवाज देणारे किट?

तीस वर्षं जुन्या गाडीत, ज्यात अजून कॅसेटचा डेक आहे? ज्याची त्याची मर्जी.

आवाज नेमका किती वाढला, कसं मोजायचं?

मोबाइलमधलं डेसिबल ॲप नेमका आकडा देत नाही, पण फरक बऱ्यापैकी दाखवतं. तोच फोन, टेलपाइपपासून तेच अंतर, तोच कोन, तेच आरपीएम. डेसिबलचं गणित फसवं आहे हे लक्षात असू द्या. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, पण कानाला थोडासाच फरक. १० वाढले की कानाला दुप्पट मोठा वाटतो. मूळ गाडीपेक्षा दोन-तीन डेसिबल वर, एवढ्यावर थांबा. त्यापुढे शेजारी तुम्हाला नावाने ओळखू लागतात.

कायद्यात हे बसतं का?

मूळ प्रकारचा सायलेन्सर काढून तसाच नवा लावणं ही दुरुस्ती, त्यात काही अडचण नाही. आवाज वाढवणारा बदल मात्र बसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम १९०(२) आवाज आणि धुराच्या मानकांचं: पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सवर गदा.

आपल्याकडच्या पोलिसांचा राग मुख्यतः बुलेटवर असतो. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवतानाचे फोटो तुम्हीही बघितले असतील. जुन्या मर्सिडीजला सहसा कुणी अडवत नाही, उलट हवालदार “कितवं मॉडेल?” विचारतो. पण या सवलतीवर विसंबून काम करू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत न्यावीच लागते, आणि तिथला निरीक्षक खाली वाकून बघतो.

पीयूसीत धूर मोजतात, आवाज मोजत नाहीत. त्यामुळे “पीयूसी आहे” हे आवाजाच्या तक्रारीवर उत्तर होत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल हे सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचे आकडे आहेत, आणि शाळा, रुग्णालय, न्यायालयाभोवतीच्या शंभर मीटरमध्ये त्याहून पाच कमी.

विमा कंपनीला कुठलाही बदल लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने तो आधी शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेला बरा.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर सूट मिळते का?

विंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. डब्ल्यू १२३ ही मर्सिडीज १९७६ च्या जानेवारीत आली, तिच्या अगदी पहिल्या गाड्या २०२६ पासून या दारात उभ्या आहेत. आमच्या पुण्याच्या पहिल्या ई २२० ला २०४५ पर्यंत धीर धरावा लागेल.

ई २५० डिझेल आहे. तिच्या आवाजाचं काय?

तिला हात लावू नका. पाच सिलिंडर, दर १४४ अंशांना एक ठोका, त्यामुळे चार आणि सहा यांच्या मधोमध असलेला एक विचित्र, गोड घरघराट असतो, जो कुठल्याच पेट्रोल मर्सिडीजला त्या काळात नव्हता. शिवाय तिचा बहुतेक आवाज बोनेटखालून येतो. सायलेन्सर बदलून फक्त धूर जास्त दिसतो.

व्ही ८ एस क्लास किंवा जॅग्वार एक्सजे असेल तर?

तिथे मजा आहे, कारण मूळ सूरच श्रीमंत. डब्ल्यू १२६ या जुन्या एस क्लासच्या व्ही ८ ला मागचा डबा थोडा मोकळा केला तरी पुरतं, मधल्याला स्पर्श नको. एक्सजे ६ ला तर जोडपाइप मुळातच आहेत आणि तिचं सहा सिलिंडरचं इंजिन वरच्या आरपीएमला जे बोलतं ते आधी पूर्ण ऐका. बहुतेक वेळा एका बाजूचा सायलेन्सर सडलेला असतो आणि मालक ते ‘स्पोर्टी’ समजत असतो. दोन्ही टेलपाइपांवर एकेक हात धरा. ठोके सारखे लागले पाहिजेत.

त्या काळात एएमजी, ब्राबस, लोरिन्झर या मर्सिडीजमध्ये फेरफार करणाऱ्या जर्मन कंपन्यांनी या गाड्यांसाठी सायलेन्सर बनवले होते. खरा मिळाला तर लावा, पण इथे विकायला येणाऱ्यांतल्या कित्येकांवर फक्त बिल्ला खरा असतो.

रोल्स रॉइस असेल तर दुरुस्ती करा आणि गप्प बसा. गाडीसारखेच.

बदल केल्याने गाडीची किंमत कमी होते का?

गिऱ्हाईक जाणकार असेल तर होते. मुंबईत २०१४ पासून जुन्या मर्सिडीजची रॅली भरू लागली, तेव्हापासून लोक खाली वाकून बघायला लागलेत. मूळ भाग सोबत दिला तर मात्र कुणी घासाघीस करत नाही.

काढलेला मूळ सायलेन्सर किती दिवस ठेवायचा?

गाडी असेपर्यंत. गॅरेजवाला “भंगारात देतो, शंभर-दोनशे सुटतील” म्हणेल, तेव्हा तो उचला आणि डिकीत टाका. घरी नेऊन उभा करा, तोंड खाली, रात्रभर. सकाळी फरशीवर तांबड्या पाण्याचं थारोळं दिसेल. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, आत थोडं इंजिन ऑइल ओतून फिरवा, टोकांना कापडाचे बोळे कोंबा आणि माळ्यावर ठेवा. बोळे ठेवायला विसरू नका. माझ्याकडच्या डब्यात दुसऱ्याच पावसाळ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं.